फिलोमिना टीचर आणि खरी वाक्यं

"रॅकेट दाखव," फिलोमिना टीचर म्हणाल्या.

भाईंदर पश्चिमेला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, इंग्रजीच्या क्लासचा माझा तो दुसराच दिवस होता. घरून वाक्यं लिहून आणायची होती. मी गाईड उघडून, छान टपोऱ्या अक्षरात लिहून नेलं होतं, 'आय प्लेड टेनिस यस्टर्डे.' माझं वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"काल टेनिस खेळलीस ना? कुठं? कोनासंगती?"

"अहो टीचर, वाक्य आहे ते," मी म्हटलं.

"वाक्य हाय म्हनूनच इचारते बाय. खेळली नसशील तर लिवलंस कशाला?"

आणि त्यांनी माझ्या वहीत लाल पेनाने भलंमोठं शून्य काढलं. मी थक्क. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून काढली, साहेबांनी आवाज चढवला असेल, पण शून्य कोणी दिलं नव्हतं. माझ्या शेजारी बसलेली सरिता पदर तोंडाला लावून हसत होती. मला इतका राग आला की उद्यापासून यायचंच नाही असं ठरवून घरी गेले. आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पण तू टेनिस खेळली नव्हतीस ना?" तेव्हा तर कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी गेले. 'आय वॉश्ड सेव्हन शर्ट्स यस्टर्डे' असं लिहून गेले. टीचरनी माझे हात हातात घेऊन बोटं पाहिली, आणि दहापैकी दहा दिले.

टीचर सत्तरीच्या. उत्तनहून बसने यायच्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात काळी छत्री, आणि मनगटावर दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ. कुठल्याशा शाळेत तीसेक वर्षं शिकवून रिटायर झाल्या होत्या, एवढंच आम्हाला माहीत. लग्न केलं होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची छाती कोणाला होती! डब्यात रोज सुक्या बोंबलाची चटणी. ती उघडली की पुढच्या बाकावरच्या हेतलबेन नाकाला रुमाल लावायच्या आणि टीचर त्यांना मुद्दाम 'आय स्मेल' म्हणायला लावायच्या. खडू चहाच्या जुन्या डब्यात. खाली गिरणी सुरू झाली की सगळी खोली थरथरायची, फळ्यावर बारीक पीठ बसायचं. मग टीचर छत्री आपटून म्हणायच्या, "जोरात!" आणि आम्ही अकरा बायका गिरणीच्या वर आवाज काढून ओरडायचो, "आय कुक! आय कुक्ड! आय हॅव कुक्ड! आय विल कुक!" खाली गहू दळायला आलेली माणसं माना वर करून बघायची.

त्यांच्या क्लासात फक्त सरळ चालीची क्रियापदं. मागे 'एड' लावला की झालं. वाकडी, म्हणजे रूप बदलणारी क्रियापदं त्यांनी कधी शिकवली नाहीत. "ती मोठ्या घरची पोरं," म्हणायच्या, "कवा कशी वागतील नेम न्हाय. आपली ही कामाची मानसं. वॉश, क्लीन, कुक, वेट. पयली ही हातात घ्या." चार महिन्यांनी एकदा माझ्या लक्षात आलं की आम्ही या क्लासात ढीगभर स्वयंपाक केला, भांडी घासली, बसची वाट पाहिली, पण एकदाही जेवलो नाही की झोपलो नाही, ती क्रियापदं वाकडी. मी हे टीचरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी तरी टायमात जेवतेस का?"

फळ्यावर त्या चार खाने आखायच्या. रोज, काल, आत्तापर्यंत, उद्या. प्रत्येक खान्यात एक वाक्य, आणि ते खरं पाहिजे. खोट्याला शून्य. दुसरीचं बघून उतरवलं तर वही खाडीत आणि बाई घरी. हे त्या नुसतं म्हणायच्या नाहीत. आमच्या आधीच्या तुकडीतल्या एकीची वही त्यांनी खरोखर उत्तनला जाताना बसच्या खिडकीतून भिरकावली होती म्हणे.

नया नगरहून शबानाभाभी यायच्या. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्यांनी एकदा लिहिलं, 'आय क्लीन्ड द फॅन यस्टर्डे.' टीचरनी वाक्य वाचलं, घड्याळ बघितलं, छत्री उचलली आणि म्हणाल्या, "चल." रिक्षा करून थेट नया नगर, चौथा मजला. मीही गेले होते, तमाशा बघायला. टीचर खुर्चीवर चढल्या. सत्तर वर्षांची बाई! शबानाभाभींच्या सासूबाई खाली दोन्ही हात पसरून उभ्या, पडली तर झेलायला. टीचरनी पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, आणि खुर्चीवरूनच जाहीर केलं, "खरं हाय."

"टीचर, मैं झूठ क्यूँ बोलूँगी?" शबानाभाभी जवळजवळ रडवेल्या झाल्या होत्या.

"झूट न्हाय बोलनार, मालूम हाय. पर देखना मेरा काम हाय," टीचर म्हणाल्या आणि सासूबाईंच्या हातचं सरबत पिऊन बसला निघाल्या.

मला तेव्हा हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. चार नातेवाइकांत रंगवून सांगायला बरं.

सरिताबद्दल सांगायला हवं. माणगावकडची, तीस-बत्तीसची. नवरा कुठल्याशा ऑफिसात, मूलबाळ नाही, भाईंदरला भाड्याच्या घरात राहायची. दुपारी तीन ते साडेचार एवढीच तिला सवड. साडेचारला टीचरच्या आधी तिचीच वही मिटायची. अक्षर मोत्यासारखं. बोलायची कमी, पण लिहिलेलं कधी चुकायचं नाही. टीचरची ती लाडकी होती आणि मला त्याचा थोडा मत्सरही वाटायचा.

त्या दिवशी गृहपाठ होता, चार खाने, चार वाक्यं, क्रियापद आपल्या मनाचं. आदल्या दिवशी माझ्याकडे पाहुणे. वही कोरी. क्लास सुरू व्हायला पाच मिनिटं होती, टीचर खाली गिरणीवाल्याशी बोलत होत्या. सरिताने वही बाकावर ठेवली आणि पाणी प्यायला गेली. मी वही उघडली आणि झरझर उतरवून घेतलं. टायपिस्टचं डोकं वाचत नाही. बत्तीस वर्षं मी माणसांच्या बदल्या, निलंबनं, चौकशीचे अहवाल असेच उतरवले, एका अक्षराची चूक न करता आणि एक वाक्य मनात न घेता. नोकरीत या सवयीचं माझं कौतुक व्हायचं.

टीचर वह्या तपासू लागल्या. सरिताची तपासली. थांबल्या. माझी उघडली. पुन्हा सरिताची उघडली. मग दोन्ही वह्या दोन हातांत धरून उभ्या राहिल्या. 

"चारी वाक्यं डिट्टो," त्या म्हणाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. "ही पुशेस मी. ही पुश्ड मी इन द बाथरूम यस्टर्डे. ही हॅज लॉक्ड द डोअर. ही विल किल मी."

 मग शबानाभाभी म्हणाल्या, "अरे सावंत भाभी! भाईसाब तो मच्छर भी नहीं मारते!" आणि हशा पिकला. आमच्या ह्यांना सगळ्या ओळखत होत्या. पावसापाण्याचे छत्री घेऊन न्यायला यायचे, जिन्यात सगळ्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहायचे. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टीचरही हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"दोघींच्या नवऱ्यांनी एकाच दिवशी, एकाच जागी ढकललं? कुठलं गाईड हाय हे? सुनंदाबाय, बोल."

उतरवलं म्हणाले असते तर बाई घरी. गाईड म्हणाले तर नुसतं शून्य.

"हो टीचर, गाईड," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला तेव्हा वाटलंही तसंच, की सरितानेच कुठून तरी उतरवलं असणार.

दोघींना शून्य मिळालं. सरिताने वही घेतली, पिशवीत ठेवली आणि सव्वाचारलाच उठून गेली.

ती आठ दिवस आली नाही. टीचर म्हणाल्या, "शून्याचा राग आला पोरीला. येईल." नवव्या दिवशी सकाळी मला ती औषधाच्या दुकानात दिसली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, डाव्या मनगटाला पट्टी, आणि बोलताना खालचा ओठ नीट हलत नव्हता.

"अगं, काय झालं?"

"काही नाही ताई. बाथरूममध्ये पाय घसरला," ती म्हणाली आणि गोळ्यांची पिशवी घेऊन भराभर चालू लागली.

मी घरी आले, चहा टाकला. चहा उतू चालला आणि मला तो शब्द आठवला. बाथरूम. गॅस बंद केला, वही काढली, ते पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं अक्षर वाचलं.  चौथ्या खान्यात, उद्याच्या खान्यात, माझ्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तो मला मारून टाकील. त्याखाली लाल शून्य. मी ओट्याला धरून उभी राहिले. हे बाहेरून हाका मारत होते, "चहा झाला का गं?" 

दुसऱ्या दिवशी अडीचलाच गिरणीपाशी जाऊन उभी राहिले. टीचर बसमधून उतरून आल्या. मी तिथेच, गव्हाच्या गोणींमध्ये, सगळं सांगितलं. उतरवल्याचं, गाईड म्हणून खोटं बोलल्याचं, मनगटावरच्या पट्टीचं. त्या ओरडतील, निदान थोबाडीत मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं असतं तर फार बरं झालं असतं. पण टीचर हळूच एका गोणीवर बसल्या. फ्रॉकला पीठ लागलं ते झटकलंही नाही.

"पंखा बघाया गेले," त्या म्हणाल्या. "पंखा! खुर्चीवर चढून. आन हितं न्हाय गेले."

"टीचर, माझ्यामुळे तुम्हाला..."

"तू खोटं बोललीस. पन हसले मी, बाय. सगळ्या वर्गाला तिच्यावर हसवलं मी."

मग त्या उठल्या, वर गेल्या, फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, "वह्या घ्या. आज क्लास सरिताच्या घरी."

अकरा बायका... नाही, सरिता धरून अकरा. आम्ही दहाजणी आणि पुढे छत्री घेतलेल्या टीचर. तिसरा मजला. दाराला बाहेरून कुलूप. आम्हाला वाटलं घरात कोणी नाही. टीचरनी दारावर थाप मारली, "सरिता?" आतून अगदी दारालगत आवाज आला, "टीचर, तुम्ही जा. ते सहाला येतात."

मला ते कुलूप अजून दिसतं. चांगलं पितळी, नवंकोरं. समोरच्या दारातून एक बाई डोकावली आणि म्हणाली, "अरे, हफ्ते भर से ये तो रोज का है." रोजच्या दुधाबद्दल बोलावं इतक्या सहज. रोज. पहिला खाना.

हेतलबेन म्हणाल्या, किल्लीवाल्याला बोलवू. शबानाभाभी म्हणाल्या, तोड डालते हैं. टीचरनी मान हलवली. "कुलूप त्यानं लावलंय, तोच काढंल. सगळ्यांदेखत काढंल. बसा." आणि त्या दारासमोरच्याच पायरीवर बसल्या. आम्ही खाली एकेका पायरीवर. साडेतीनला क्लास सुरू झाला. "आय वेट," टीचर म्हणाल्या. "आय वेट!" आम्ही म्हटलं. "आय वेटेड! आय हॅव वेटेड! आय विल वेट!" गिरणीवर ओरडायची सवय असलेले आमचे घसे. अख्ख्या जिन्यात आवाज घुमला. वरची दारं उघडली, खालची उघडली. माणसं जिन्यात येऊन उभी राहिली, कोणी मोबाईल काढला, त्याला शबानाभाभींनी एका नजरेत खिशात घालायला लावला. आम्ही थांबलो नाही. वॉश झालं, क्लीन झालं, वॉक झालं. आणि मग कधीतरी, बंद दाराच्या आतून, बारीक आवाजात एक बाई आमच्याबरोबर म्हणू लागली. टीचरनी डोळे मिटून घेतले.

सहाला तो आला. मी राक्षस बघायच्या तयारीत होते. हा इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला, भांग पाडलेला साधा मुलगा. जिन्यात बायकाच बायका बघून तो खालच्याच पायरीवर थांबला.

"काय झालं मावशी?"

"क्लास चाललाय. माझी एक पोरगी आत हाय. उघड."

"तिला बरं नाही, म्हणून..."

"उघड," टीचर म्हणाल्या. आवाज चढवला नाही. वरपासून खालपर्यंत पन्नासेक माणसं बघत होती. त्याने किल्ली काढली आणि कुलपाला लावली.

दार उघडलं. सरिता उंबऱ्याशीच जमिनीवर बसली होती, वही मांडीवर. टीचर आत गेल्या, तिच्यासमोर खाली बसल्या, त्या वयात, कशाला न धरता. वहीचं ते पान उघडलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत विचारलं, "खरं?" सरिताने मान हलवली. "हे?" पुन्हा मान. "हे?" चौथ्या ओळीवर बोट थांबलं. टीचरनी विचारलं नाही. लाल पेनाने शून्य खोडलं, दहापैकी दहा लिहिलं आणि म्हणाल्या, "चुकले मी, पोरी. आता हे शेवटचं वाक्य आपन दोघी मिळून खोटं करू."

सरिता उठली. "पिशवी भरते," एवढंच म्हणाली.

"ए, कुठे निघालीस?" तो पुढे झाला. शबानाभाभी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "भाईसाब, क्लास की पिकनिक है. आप चाय पी लो."

त्याच संध्याकाळी पोलीस चौकीत तक्रार झाली. सरिताने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिली, आणि ती वही सोबत जोडली. टीचर तिला उत्तनला आपल्या घरी घेऊन गेल्या. केस अजून चालू आहे. सरिता आता एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते, आणि तिने लिहिलेल्या नावात चूक नसते.

आम्हाला वाटलं, आता टीचरचा सत्कार करायचा. शबानाभाभींनी केक सांगितला होता. सोमवारी टीचर आल्या, खडूचा डबा शबानाभाभींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आजपास्नं तू घे." आम्ही थट्टा समजलो. मग हातापाया पडलो, रडलो, भांडलो. मी तर चिडून म्हणाले, "चूक माझी होती, शिक्षा स्वतःला काय करून घेताय?" त्यांनी छत्री उचलली आणि जिना उतरून गेल्या. खाली गिरणी चालू होती.  ज्या बाईने बंद दारासमोर अडीच तास माघार घेतली नाही, ती अशी उघड्या दारातून निघून जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. क्लास आज शबानाभाभी चालवतात. खोट्या वाक्याला शून्यच असतं, आणि त्या पंखे बघायला जातात.

वर्षभराने मी उत्तनला गेले. बस पुढे चौकापर्यंत जाते, त्याच्या अलीकडेच उतरून, विचारत विचारत. टीचर घराबाहेर बसून सुकलेले बोंबील निवडत होत्या, मोठे एकीकडे, मोडके एकीकडे. बारीक झाल्या होत्या. घड्याळ तसंच, दहा मिनिटं पुढे. मला बघून म्हणाल्या, "जेवलीस का?"

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी पिशवीतून वही काढली. वर्षभर ते पान मी बंद करून ठेवलं होतं.

"टीचर, सरिताचं शून्य तुम्ही खोडलंत. माझं तसंच राहिलंय."

मला काय हवं होतं, मलाच माहीत नाही. माफी म्हणा. त्यांनी हात फ्रॉकला पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. चारही वाक्यं, एकेक शब्द, ओठ हलवत, परीक्षेला बसल्यासारख्या. बऱ्याच वेळाने मान वर केली.

"तुझं शून्य बरोबर हाय," म्हणाल्या. "तुला कुनी ढकललं न्हवतं."

मी वही घ्यायला हात पुढे केला. पण त्यांनी दिली नाही. "पेन हाय?" विचारलं. मी दिलं. निळं होतं. त्यांनी माझ्या लाल शून्याच्या शेजारी, तेवढंच मोठं आणखी एक शून्य काढलं, त्याच्याखाली आपली सही केली, आणि मग वही माझ्या हातात ठेवली.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "जा आता, बस येईल."

मी वळणावरून मागे बघितलं तेव्हा त्या पुन्हा बोंबील निवडायला लागल्या होत्या. एकेक हातात घेऊन, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी बघून.